दुष्काळी पट्ट्यातील वापरलेल्या वस्त्रांच्या फेरवापराचा इतिहास
(विशेष संदर्भ : कवठे महांकाळ परिसर)

प्रस्तावना

वस्त्रांच्या इतिहासलेखनात नव्या कापडाची दखल भरपूर घेतली गेली आहे. हातमाग, गिरण्या, कापडावरील जकात, परदेशी मालावरील बहिष्कार या विषयांवर विपुल लेखन झाले. परंतु एकदा नेसलेले वस्त्र पुढे किती अंगांवरून फिरले, किती वेळा उसवले आणि पुन्हा शिवले गेले, याचा इतिहास सहसा लिहिला गेला नाही. सामान्य माणसाच्या आयुष्यात मात्र नव्या वस्त्राचे दिवस थोडे आणि जुन्याचे फार, अशीच स्थिती होती.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील कवठे महांकाळ तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून अस्तित्वात आलेल्या आणि १९६० साली सांगली हे नाव मिळालेल्या या जिल्ह्याची पश्चिम बाजू कृष्णा-वारणेच्या पाण्याने सुखावलेली. तर पूर्वेकडील जत, आटपाडी, खानापूर व कवठे महांकाळ हा भाग वारंवार दुष्काळ सोसणारा. अग्रणी नदीचे पात्र वर्षाचा बराच काळ कोरडे असे. जिरायती ज्वारी-बाजरीवर संसार चालविणाऱ्या घरात रोकड हाती येई ती सुगीनंतरच, आणि कापडखरेदीही तेव्हाच. अशा प्रदेशात जुन्या वस्त्राचा फेरवापर ही जगण्याची अट होती. तथापि ती केवळ नाइलाजाची गोष्ट नव्हती. त्यात निवड होती, घासाघीस होती, हातचे कसब होते आणि या सर्वांतून मिळणारे समाधानही होते. हे समाधान केव्हा लाभते आणि त्याच वस्त्राचा अपमान केव्हा होतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची साधने

जुन्या कपड्यांची दप्तरे कोणी ठेवली नाहीत. म्हणून येथे मराठी भाषेतील वस्त्रविषयक शब्द, प्राचीन ग्रंथांतील नियम व आधुनिक काळातील ज्ञात घटना यांचा आधार घेतला आहे. शब्द हाही इतिहासाचा पुरावा असतो. ज्या व्यवहाराला समाजाने स्वतंत्र नाव दिले, तो व्यवहार त्या समाजात रुळलेला होता असे मानता येते.

चीवर आणि जुनेर

फेरवापराची नियमबद्ध चर्चा बौद्ध विनयपिटकात आढळते. भिक्षूंनी टाकून दिलेल्या चिंध्या, म्हणजेच ‘पंसुकूल’, गोळा करून चीवर करावे ही आरंभीची रीत होती. पुढे गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्यास अनुमती मिळाली, तरी ते कापून व तुकडे जोडूनच वापरावे असा दंडक राहिला. मगधातील भातखाचरांची आखणी पाहून आनंदाने चीवराचा नमुना बेतला, असे महावग्गात सांगितले आहे. चुल्लवग्गातील एक प्रसंग याहून बोलका आहे. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असा प्रश्न राजाने विचारला. आनंदाने सांगितलेला क्रम असा : नवी वस्त्रे जीर्ण चीवरे असलेल्या भिक्षूंना वाटायची, जुन्या चीवरांची पांघरुणे व गाद्यांच्या खोळी करायच्या, त्या विटल्या की अंथरणी, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी त्यांचे तुकडे चिखलात कालवून जमीन सारवायची. कराडजवळील आगाशिवच्या लेण्यांत वास करणाऱ्या भिक्षूंचा विनयही हाच.

हा क्रम वाचताना मराठी घराची आठवण होते. नवे लुगडे सणासुदीचे. ते विटले की रोजच्या वापराचे. आणखी झिजले की ‘जुनेर’. लुगडे मध्यभागी आधी विरते. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्ही धड टोके एकमेकांस जोडायची. या जोडशिवणीला ‘दंड घालणे’ म्हणतात. दंड निऱ्यांत लपेल अशा बेताने लुगडे नेसणे हीही एक कलाच होती. दंडाचे लुगडेही टिकेना झाले की त्याचा ‘धडपा’ होई. धडप्यातून परकर, झबले, कुंची, बाळोती. आणि सरतेशेवटी चुलीपाशी ‘पोतेरे’. एकाच वस्त्राच्या वयानुसार इतकी नावे भाषेने राखून ठेवली, यावरून या व्यवहाराची खोली लक्षात येते.

घरातील कसब

जुन्या कपड्याला नवे रूप देण्याचे काम मुख्यत्वे स्त्रियांकडे होते. मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवले जात. आत दुमडून ठेवलेली पट्टी दरवर्षी थोडी उसवायची आणि मूल वाढेल तसा कपडा वाढवायचा. थोरल्याचा सदरा धाकट्याकडे येई. विजार गुडघ्यावर फाटली की तिची अर्धी चड्डी, चड्डी फाटली की तिची पिशवी. सदऱ्याची झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवली की सदरा आणखी दोन वर्षे चाले. १९३० च्या दशकात देशी बनावटीची शिवणयंत्रे मिळू लागली आणि या हातकामाला यंत्राची जोड मिळाली. पुढील दशकात या कसबाची कसोटी लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची तीव्र टंचाई झाली व १९४३ साली सरकारला कापड व सुतावर नियंत्रण आणावे लागले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जुने दुरुस्त करून वापरण्याची सरकारी मोहीम चालू होती आणि गृहिणींना त्यासाठी पुस्तिका वाटल्या जात होत्या. कोंड्याचा मांडा करणाऱ्या इथल्या गृहिणीला ते शिकवावे लागले नाही.

या कसबाचा उत्कर्ष म्हणजे वाकळ. देशावर जिला अन्यत्र गोधडी म्हणतात तिला या भागात वाकळ हे नाव रूढ आहे. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या बाजूस रंगीत तुकडे मांडायचे आणि कडेकडून आत येत धावदोऱ्याने ती भरायची. जितकी धुवावी तितकी ती मऊ होते. वाकळ ही घराची वंशावळही असे : हा काठ आजीच्या लुगड्याचा, ही फुले आत्याच्या परकराची, हा पट्टा आजोबांच्या सदऱ्याचा. नवजात बाळास प्रथम जुन्या मऊ वस्त्रात गुंडाळण्याच्या रीतीत सोय आणि आशीर्वाद दोन्ही होते. कोणता तुकडा कोठे शोभेल हे ठरवताना स्त्रीला जो आनंद मिळे, तो नव्या कापडाच्या ताग्यात नव्हता. कारण तेथे रंग-नक्षी आधीच कोणीतरी ठरवलेली असे.

बोहारीण : दारातला बाजार

घरात ज्याचा उपयोग उरला नाही, ते वस्त्र बोहारणीकडे जाई. महाराष्ट्रातील शहरे व बाजारगावे यांतून डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन फिरणारी बोहारीण ही परिचित व्यक्ती. मुंबईत या व्यवसायात गुजरातमधून आलेल्या वाघरी, म्हणजेच देवीपूजक, समाजाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर हवीशी झाल्यावर हा व्यवहार विशेष फोफावला.

या सौद्यात पैसा नसतो, परंतु पारख असते. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून पाहते. कॉलर, काख, बटणे व शिवणी तपासते. विजारीला भाव अधिक, विटक्या सुती साडीला कमी. खऱ्या जरीची साडी असेल तर हिशेबच निराळा, कारण जर जाळून चांदी काढता येते. घरमालकीण फाटका भाग घडीत ठेवते, बोहारीण नेमकी तीच घडी उलगडते. एका पातेल्यासाठी आणखी एक सदरा द्यावा की नाही यावर दुपार सरते आणि शेवटी दोघीही आपणच जिंकलो असे मानतात. गोळा केलेले कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात विक्रीस जातात. पुण्यातील मंगळवार पेठेचा जुना बाजार याच मालिकेतला. तेथे ढिगातून धड सदरा हुडकून काढणारा आणि तो शिंप्याकडून अंगाबरोबर करून घेणारा मजूर भीक घेत नसतो. तो गिऱ्हाईक असतो.

दान आणि मान

या गिऱ्हाइकीचे महत्त्व जुन्या वस्त्राच्या दुसऱ्या, काळ्या बाजूकडे पाहिल्यावर कळते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्रास उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत आणि चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावीत असे विधान आहे. गावगाड्यात प्रेतावरील कापड हा महारकीचा ‘हक्क’ समजला जाई. ज्याला नकार देण्याची मुभा नाही असा हा हक्क होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत टाकून देण्यास सांगितले. वस्त्र कोणते आणि ते कसे नेसायचे हे नेसणाऱ्याने ठरवावे, हा त्या उपदेशाचा गाभा होय. कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

याच प्रश्नाची दुसरी बाजू १९२१ मध्ये परदेशी कापडाच्या होळीच्या वेळी पुढे आली. कापड जाळण्याऐवजी उघड्यानागड्यांना का देऊ नये, असा आक्षेप घेतला गेला. महात्मा गांधींचे उत्तर असे होते की, ज्यांना कामाची गरज आहे त्यांना नको असलेले कपडे देणे म्हणजे त्यांचा अपमान करणे होय.

दानाचा हा पेच अद्याप सुटलेला नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडून राहिले, कारण देणाऱ्यांनी घेणाऱ्यांचा विचारच केला नव्हता. १९९९ साली स्थापन झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने पुढे कपडे निवडणे, दुरुस्त करणे आणि गावाने केलेल्या श्रमाच्या मोबदल्यात ते देणे अशी पद्धत रूढ केली. संस्थापक अंशु गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्ड येथे सुरू केलेल्या दुकानातही दानात आलेली वस्तू विकत दिली जाते. किंमत अल्प असते, पण पारखण्याचा व नाकारण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे राहतो. गेल्या दशकात महाराष्ट्रातील अनेक गावांत उभ्या राहिलेल्या ‘माणुसकीच्या भिंती’नेही घेणाऱ्याला निदान स्वतःच्या हाताने निवडण्याची मोकळीक दिली.

बदललेले कापड

टेरिलीन, टेरिकॉट व पुढे पॉलिस्टर यांनी हे चित्र पालटले. ही वस्त्रे लवकर विरत नाहीत, म्हणून मऊही होत नाहीत. घाम टिपत नाहीत, म्हणून बाळोत्याच्या वा पोतेऱ्याच्या कामाची नाहीत. त्यांची वाकळ निसरडी होते. स्वस्त तयार कपड्यांमुळे उसवण्या-शिवण्याची गरजही उणावली. म्हैसाळ योजनेच्या पाण्याने कवठे महांकाळच्या काही शिवारांत द्राक्षबागा उभ्या राहिल्या व हाती रोकड आली, ही समाधानाची बाब आहे. मात्र अभाव हटत असताना अभावाने शिकवलेले कसबही हटते आहे. ‘दंड’, ‘धडपा’, ‘जुनेर’ हे शब्द वर्गातील विद्यार्थ्यांना आज समजावून सांगावे लागतात.

निष्कर्ष

१. दुष्काळी भागातील वस्त्रांचा फेरवापर ही गरजेतून जन्मलेली, परंतु पारख, निवड व कसब यांनी समृद्ध झालेली ज्ञानपरंपरा आहे आणि तिच्या वाहक प्रामुख्याने स्त्रिया आहेत.

२. जुन्या वस्त्रात अंगभूत हीनता नाही. ते निवडण्याचा, नाकारण्याचा आणि बदलण्याचा अधिकार घेणाऱ्याला असेल तर त्यातून आनंद मिळतो. तो अधिकार काढून घेतला की तेच वस्त्र गुलामीची खूण बनते.

३. महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत जुन्या कपड्यांचे संकलन होते. त्यास निवड व दुरुस्तीची जोड द्यावी आणि वाकळ शिवणाऱ्या स्त्रियांना मार्गदर्शक म्हणून मानधन देऊन पाचारण करावे. त्यांच्या शब्दांचे व टाक्यांचे दस्तऐवजीकरण हे स्थानिक इतिहासाचे काम समजले जावे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हण सांगते. या प्रदेशातील स्त्रियांनी तुकड्याला तुकडा जोडून ते अंथरूणच लांबवले.