हवाई विद्यापीठाचे बिनतारी जाळे

१. ग्रंथकर्त्याने येथे ज्या ‘हवाईच्या प्रयोगा’चा ओझरता निर्देश केला आहे, तो प्रा. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली हवाई विद्यापीठात १९७१ साली कार्यान्वित झालेल्या ‘आलोहानेट’ या संगणकजाळ्याचा होय. विखुरलेल्या केंद्रांनी ओआहू बेटावरील मुख्य संगणकाकडे मजकूर धाडण्यासाठी एकच रेडिओलहर सामाईक वापरावयाची असल्यामुळे नियम असा ठरला की, प्रत्येकाने कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता मजकुराचे लहानसे पुडके रवाना करावे, आणि ठराविक मुदतीत पोच न आल्यास, दोन पुडक्यांची टक्कर झाली असे समजून, यदृच्छया ठरलेल्या अवधीनंतर तेच पुनश्च धाडावे. या पद्धतीत लहरीच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के उपयोगात येते. तथापि हेच तत्त्व आधारभूत मानून, व त्यास ‘आधी ऐकावे, मग बोलावे’ या शिस्तीची जोड देऊन, रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये संकल्पिलेले तारयुक्त ‘इथरनेट’ सिद्ध झाले, आणि आजचे वाय-फायही त्याच कुळातील आहे. मात्र हवेतील लहर परक्यासही ऐकू येत असल्याने तेथील गुप्तता सर्वस्वी सांकेतिक लेखनाच्या बळावर अवलंबून राहते. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय प्रमाणातील ‘वेप’ ही बंदोबस्ताची योजना २००१ मध्येच भेद्य असल्याचे सिद्ध झाले, आणि २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ने तिची जागा घेतली. ज्या वाचकांच्या घरी अद्याप ‘वेप’च चालू असेल, त्यांनी ती विनाविलंब बदलावी.

— संपादक