दौंडचे दिवे आणि शंटचा हिशेब

पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंडला आली की पूर्वी एक ठरलेला खेळ चाले. इंजिन सुटायचे, शेजारच्या रुळावरून मागे जायचे आणि गाडीच्या शेपटीला येऊन जोडले जायचे. अर्ध्या तासात शेपटीचे तोंड होई. पहिल्यांदा प्रवास करणाऱ्याला वाटे, गाडी परत पुण्याला निघाली! सोलापूरकडून येणारी कर्नाटक एक्स्प्रेस सरळ मनमाडच्या मार्गाला लागे. पुण्याकडून येणाऱ्या झेलम एक्स्प्रेसला मात्र दौंडात उलटे फिरण्यावाचून गत्यंतर नव्हते. या सगळ्या उलाढालीला प्लॅटफॉर्मवरचा चहावालासुद्धा एकाच शब्दाने ओळखे: शंटिंग.

हाच शंट शब्द आज कॅरॅव्हॅनवाल्या मंडळींच्या तोंडी आहे. मोटारीमागे ओढला जाणारा ट्रेलर, म्हणजे टपावर सौर पट्ट्या लावलेले चाकांवरचे घर, आत फ्रीज, पंखा, मोबाइलचे चार्जर, आणि पलंगाखाली बॅटरी. त्या बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत बसवलेला धातूचा हातभर नव्हे, बोटभर ठोकळा म्हणजे शंट. बॅटरीत किती वीज आली, किती गेली याची मोजदाद त्यावर चालते. कॅरॅव्हॅनची हौस महाराष्ट्रात अजून नवी आहे. राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 चे. पण चाकांवरच्या घरात दिवा लावायचा आणि तो रात्रभर पुरेल की नाही याची चिंता करायची, हा उद्योग दौंडच्या यार्डाला नवा नाही.

दौंड, म्हणजे इंग्रजांच्या कागदांतले धोंड. 1858 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्यापर्यंत आली आणि लगोलग भीमेच्या खोऱ्यात शिरली. 1878 मध्ये धोंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन झाले. 1914 मध्ये बारामतीकडे अरुंद रुळांची छोटी गाडीही धावू लागली. चार दिशांच्या गाड्या जिथे तोडायच्या, जोडायच्या, उभ्या ठेवायच्या, तिथे डब्यांच्या पोटाखाली वाकणारी माणसे लागतातच.

सुरुवातीला त्या डब्यांत दिवा म्हणजे तेलाचा. रेल्वेची तेव्हाची जगभरची रीत अशी, की दिवेवाला टपावर चढे आणि छताला पाडलेल्या भोकातून पेटता दिवा खाली सोडे. त्यानंतर गॅसचे दिवे आले. उजेड वाढला, पण अपघात झाला की डबे पेटू लागले. 22 मे 1915 ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे गाड्या एकमेकींवर आदळल्या, डब्यांखालच्या गॅसने आग भडकली आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली; त्यांत बहुतेक युद्धावर निघालेले सैनिक होते. विजेचा दिवा तोवर ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. जोधपूर रेल्वेने 1902 मध्येच डब्यांत विजेचे दिवे कायमचे बसवले होते.

ही वीज येई कुठून? चाकाच्या आसातून. लंडनच्या जे. स्टोन अँड कंपनीने 1890 च्या दशकात काढलेली युक्ती मोठी देखणी होती. आसावरून पट्टा घेऊन डब्याखाली टांगलेला डायनामो फिरवायचा. गाडी जोरात पळू लागली तर डायनामोही बेफाम फिरणार आणि दिवे जळणार. म्हणून डायनामो अशा बेताने टांगलेला, की वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पट्टाच सरके. चूक समजली जाणारी गोष्ट, म्हणजे पट्ट्याचे घसरणे, तीच इथे नियंत्रक झाली. गाडी हळू झाली की आपोआप चालणारा स्विच डायनामोला तोडून टाकी आणि दिव्यांचा भार बॅटरीवर येई.

आता दौंडचा तिढा लक्षात येईल. गाडीचे तोंड फिरले की चाक उलटे फिरणार, आणि चाक उलटे फिरले की साध्या डायनामोचे अधिक-उणेही उलटणार. बॅटरी भरण्याऐवजी भलतेच काही व्हायचे! म्हणून फिरण्याची दिशा पालटली की जोडणीही आपोआप पालटेल अशी सोय डायनामोतच ठेवावी लागे. झोपलेल्या प्रवाशाला याचा पत्ता नसे. पुढे अल्टरनेटर आणि रेक्टिफायर आले, तेव्हा कुठे चाक कोणीकडेही फिरो, बॅटरीला फरक पडेनासा झाला.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ आपल्या डब्यांत 24 व्होल्टची वीज होती. नंतर 110 व्होल्टची पद्धत आली. साध्या डब्याला साडेचार किलोवॉटचा अल्टरनेटर आणि 120 अँपिअर-अवर क्षमतेची, 2 व्होल्टचे पन्नासहून अधिक घट जोडून केलेली बॅटरी. म्हणजे साधारण 13 युनिटचा साठा. आज हौशी लोक चाकांवरच्या घरात 12 व्होल्टची, 100 अँपिअर-अवरची एक बॅटरी ठेवतात, त्याच्या दहापट. पण त्या साठ्यावर बहात्तर माणसांचे पंखे चालायचे हे विसरता कामा नये.

या बॅटऱ्यांची देखभाल करणारे ते टी.एल.वाले, ट्रेन लायटिंगवाले. डब्याच्या पोटाखाली लोखंडी पेटी. तिचे दार उघडले की आंबूस, नाकाला झोंबणारा वास. एकेका घटाचे बूच काढायचे, काचेच्या पिचकारीने आम्ल वर ओढायचे आणि आतल्या तरंगत्या नळीवरचा आकडा वाचायचा. याला म्हणत ‘ग्रॅव्हिटी घेणे’. आकडा 1.210 च्या आसपास आला तर घट भरलेला. खाली आला तर उपाशी. पाणी कमी असले तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे. आम्लाच्या थेंबांनी पँटला गोळी लागल्यासारखी भोके पडत. पिचकारीतला तो तरंगता आकडा खोटे बोलत नसे, कारण तो थेट आम्लालाच विचारलेला प्रश्न होता. मात्र चालत्या गाडीत तो विचारता येत नसे.

आणि खरी गोम थांबलेल्या गाडीत असे. धावणारी गाडी आपली वीज आपण कमावते. पट्टा तुटला किंवा निसटून पडला, की डबा बॅटरीवर येतो. दिवे तांबूस होतात, पंखे हातपंख्याच्या गतीने फिरतात. दौंड-मनमाड मार्गावर रात्री क्रॉसिंगसाठी गाडी उभी राहिली की पिवळ्या उजेडात बसून राहिलेल्या पिढ्यांना हे सांगायला नको. पण त्याहून कठीण गत साइडिंगला महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या डब्यांची. रुळांची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रांबरोबर त्यांचे कर्मचारी कॅम्प कोचमध्ये राहतात. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. साहेबांचे तपासणीचे सलून म्हणजे तर पलंग, न्हाणीघर, स्वयंपाकघर असलेले आख्खे घरच. चाक फिरत नाही तिथे अल्टरनेटर फिरत नाही. बाहेरून चार्जर लावा, जनरेटर लावा, नाहीतर जपून वापरा. 16 जुलै 1991 ला सुरू झालेली जीवनरेखा एक्स्प्रेस तर दवाखानाच; एकेका स्टेशनात आठवडेच्या आठवडे उभी राहून शस्त्रक्रिया करणाऱ्या गाडीला आसावरच्या विजेचा काय उपयोग?

थोडक्यात, उभ्या डब्याचे दुखणे तेच, जे आजच्या ट्रेलरचे. म्हणूनच येणारी आणि जाणारी वीज मोजायची गरज पडली, आणि इथे शंट आला.

त्याची जन्मकथा तारेत नाही, धातूत आहे. सुईच्या मीटरमधून फार थोडा विद्युतप्रवाह जाऊ शकतो. शंभर अँपिअर सोडले तर आतली बारीक तार क्षणात भस्म. मग मुख्य प्रवाहाला जाड पट्टीचा रुंद रस्ता काढून द्यायचा आणि मीटरला त्यातला चिमूटभर पाझर द्यायचा. रुळांवरचा शंट शब्द विजेत आला तो याच अर्थाने: बाजूला काढणे. पण पट्टी तांब्याची केली तर ती तापली की तिचा रोध वाढतो आणि आकडा दुपारी एक, रात्री दुसरा. अमेरिकेत स्थायिक झालेला इंग्रज एडवर्ड वेस्टन याने 1888 मध्ये विश्वासार्ह मीटर बाजारात आणले आणि पाठोपाठ तांबे, मँगनीज आणि निकेल यांचा मँगनिन हा मिश्रधातू दिला. तो तापला तरी त्याचा रोध जवळजवळ बदलत नाही. दौंडच्या उन्हाळ्यात डब्याखालच्या पेटीत बसायला याहून लायक धातू कुठला?

आजच्या ट्रेलरमधला शंट बहुधा 500 अँपिअर, 50 मिलिव्होल्ट या मापाचा. म्हणजे दहा अँपिअर वाहिले तर त्याच्या दोन टोकांत फक्त एक मिलिव्होल्टचा फरक. एवढा लहान आकडा अचूक वाचायचा म्हणून मोजणाऱ्या बारीक तारा जाड केबलच्या बोल्टला न जोडता मधल्या छोट्या स्क्रूंना जोडतात. बोल्ट किंचित सैल असला तरी त्याचा दोष मोजमापात शिरत नाही. केबल मात्र तापते, ते वेगळे.

आता दौंडच्या शेजारी, रेल्वे जिथे कधी आलीच नाही तिथे, म्हणजे शिरूरला. घोडनदीच्या काठच्या या गावात एकेकाळी इंग्रजांची छावणी होती. रूळ मात्र तीसेक मैल दक्षिणेलाच राहिले. शिरूरचे सगळे चालले ते पुणे-नगर रस्त्यावर. त्यामुळे इथले विजेचे उस्ताद टी.एल.वाले नव्हते, तर रस्त्याकडेचे ऑटो इलेक्ट्रिकवाले. ट्रकची बॅटरी उतरली, लग्नाच्या वरातीतल्या स्पीकरची संपली, की त्यांच्याकडे. त्यांच्या भाषेत एकच शब्द: ‘चार्जिंगला टाका’. त्यांचा मापदंड व्होल्टमीटर, किंवा त्याहून सरळ, हेडलाइट लावून स्टार्टर मारणे. दिवा डोळे मिटतो की उघडे ठेवतो, यावरून निदान!

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके उसाचे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, नगर भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि शेताच्या बांधावर, कारखान्याच्या माळावर कोप्या पडतात. चार-सहा महिन्यांचे घर, बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेले. हल्ली अशा कोपीपाशी उन्हाकडे तोंड करून टेकवलेली छोटी सौर पट्टी दिसते. तिच्यावर एक दिवा आणि मोबाइल. कॅरॅव्हॅन म्हटले की साहेबी सहलीचे चित्र उभे राहते, पण या भागातली फिरती घरे आधी यांची.

रेल्वेनेही टपावर पट्ट्या चढवून पाहिल्या. 14 जुलै 2017 ला दिल्लीत सौर पट्ट्यांची डेमू गाडी निघाली. एकेका डब्यावर 300 वॉटच्या 16 पट्ट्या, म्हणजे भर उन्हात पावणेपाच किलोवॉटच्या आसपास. गंमत अशी, की हा आकडा जुन्या आसावरच्या अल्टरनेटरशी जवळजवळ जुळतो. त्याच वर्षी दौंडला मात्र पुण्याहून विजेची तार पोचली.

सौर पट्टी आली तसा बॅटरीचा स्वभावही बदलला. शिशाची बॅटरी विश्रांतीत असताना 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, असा ढोबळ हिशेब चाले. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी 13.2-13.3 व्होल्टवर तासन्‌तास ढिम्म बसते. 70 टक्के उरले की 30, व्होल्टमीटरला कळत नाही. आणि ती बंदिस्त, तेव्हा ग्रॅव्हिटी घ्यायला बूचही नाही. उरतो तो शंटच. म्हणून त्याची जोडणी चुकवून चालत नाही.

बहुतेक चुका एकाच जागी होतात. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर शंटकडे जाणाऱ्या एका जाड केबलीखेरीज काहीही नको. इन्व्हर्टर, सौर कंट्रोलर, सांगाड्याला दिलेली अर्थिंग, सगळ्यांच्या काळ्या तारा शंटच्या दुसऱ्या अंगाला. पण पट्टीचा कंट्रोलर आधीपासून बसवलेला असतो, त्याची काळी तार जुन्या खुंटीवर विसरली जाते. मग उन्हात आलेली वीज शंटला दिसतच नाही. फ्रीजची खर्ची मात्र तो इमाने इतबारे लिहीत राहतो. बॅटरी भरलेली, आणि पडद्यावर 40 टक्के! शंटच्या दोन बाजू अदलाबदल झाल्या तर त्याहून मजा: भर दुपारी आकड्यापुढे उण्याची खूण, रात्री दिवे लावले की अधिकची. दौंडला तोंड फिरलेल्या डायनामोचाच हा घोळ, फक्त इथे जोडणी आपोआप पालटणारे कुणी नसते.

दौंडात मात्र ते शंटिंग आता ओसरत चालले आहे. पुण्याकडून मनमाडला जाणाऱ्या अनेक गाड्या जंक्शनात न शिरता कॉर्ड लाइनने परस्पर वळतात. साध्या डब्यांची जुनी जात बनवणे चेन्नईच्या कारखान्याने 2018 मध्ये थांबवले. नव्या डब्यांना वीज इंजिनाकडून किंवा पॉवर कारमधून मिळते, आसाला पट्टा नाही. साइडिंगवर उभे राहणारे डबे मात्र अजून आहेत. शेजारून जाताना एखाद्या कॅम्प कोचच्या खिडकीत वाळत घातलेला शर्ट दिसतो, दाराशी कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि चाकांजवळून जमिनीवर लोळत गेलेली चार्जरची काळी केबल स्टेशनच्या भिंतीपर्यंत पोचलेली असते.