प्राणिप्लवक : अक्षवृत्त आणि मुंबईचा किनारा

प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याची ताकद नसलेले, पाण्याबरोबर वाहणारे सागरी प्राणी म्हणजे प्राणिप्लवक. कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी त्यांत संख्येने सर्वांत जास्त. शिवाय जेलीफिश आणि मासे, खेकडे, कोळंबी यांच्या अळ्या. लालबाग-परळच्या घरांत आगोटीला डबे भरून ठेवतात तो जवळाही याच मंडळींतला. त्याचे शास्त्रीय नाव ॲसेटिस इंडिकस. ताजा असताना तो जवळजवळ पारदर्शक असतो. दिसतात ते दोन काळे डोळे आणि शेपटीवरचे तांबडे ठिपके.

कोपेपॉडांच्या जाती उष्ण व उपोष्ण कटिबंधांत सर्वाधिक असून ध्रुवांकडे त्या कमी होतात. शरीर मात्र थंडीकडे मोठे होत जाते. आर्क्टिकमधील कॅलॅनस हायपरबोरियस सुमारे ७ मिमी. भरतो, आपल्याकडचे पॅराकॅलॅनस आणि अकार्शिया १ मिमी.च्या आसपास. ध्रुवीय समुद्रात त्यांच्या अन्नाचा, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांचा, बहर थोड्याच आठवड्यांचा. तेवढ्यात चरबी साठवून कॅलॅनस खोल पाण्यात हिवाळा सुप्तावस्थेत काढतो. उष्ण समुद्रात अन्न बेताचे पण बारमाही, त्यामुळे पिढ्या झपाट्याने पालटतात.

मुंबई सुमारे १९° उत्तर अक्षवृत्तावर आहे. पण तेवढ्यावरून इथला समुद्र कळत नाही. अटलांटिकमध्ये उत्तरेला जावे तसे थंड पाण्यातले जीव लागतात. अरबी समुद्राची वाट मात्र सुमारे २५° उत्तरेलाच आशिया खंडाने अडवली आहे. इथे सत्ता मान्सूनची. नैर्ऋत्य वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याशी खालचे पोषक पाणी वर आणतात. हिवाळ्यात ईशान्येचे कोरडे वारे उत्तर भागातले पाणी थंड करून ढवळतात. बहर असा दोनदा येतो. तरीही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांना १९९०च्या दशकात खुल्या समुद्राच्या वरच्या थरात प्राणिप्लवकांचे प्रमाण वर्षभर जवळजवळ सारखेच आढळले. बहर नसताना जीवाणू आणि त्यांना खाणारे सूक्ष्मजीव यांच्यावर ते तगतात, असे त्यांनी सुचवले. ‘अरबी समुद्राचा विरोधाभास’ म्हणून हे प्रसिद्ध आहे. सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायू अत्यल्प असल्याने बहुतेकांना वरच्याच थरात दाटीने राहावे लागते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

गिरगाव, दादर, माहीमच्या उथळ पाण्याचे गणित आणखी वेगळे. पावसाळ्यात मिठी नदीचे गोडे पाणी आणि शहराचे सांडपाणी माहीमच्या खाडीतून समुद्रात उतरते. अशा गढूळ, कमी खाऱ्या पाण्यात मोजक्या सोशिक जातीच टिकतात. पावसाळी वाऱ्यांबरोबर निळ्या बाटलीसारखे फिजॅलिया हे जेलीफिशचे नातलग गिरगाव चौपाटीवर येऊन पडतात. त्यांचा दंश फार आग करतो. भरती-ओहोटीच्या ओढीवर कोळी समुद्रात डोल जाळी रोवतात आणि उधाणाच्या दिवसांत त्यांत जवळा व बोंबील एकत्र सापडतात, कारण बोंबलाचे मुख्य खाद्य जवळाच आहे.