दोन वर्षांचे पाहुणे आणि त्यांची विद्यार्थी मुले

१/ ३० ऑक्टोबर १९६१. पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात मजूरभरतीचा करार झाला. येणाऱ्यांना नाव मिळाले ‘पाहुणे कामगार’. मुक्कामाची मुदत प्रारंभी दोन वर्षे.

२/ पाहुण्याला परतायचे असते. म्हणून वसतिगृहाच्या एका खोलीत अनेकांनी राहायचे आणि उरलेले मार्क गावी धाडायचे.

३/ १९६४ मध्ये मुदतीची अट गेली. १९७३ मध्ये भरतीच थांबली. आता गेलो तर पुन्हा येणे कठीण, हे उमगून अनेकांनी बायकामुलांना बोलावून घेतले.

४/ ही मुले विद्यापीठाच्या वयात आली आणि १९८३ मध्ये विद्यार्थ्यांचे सरकारी साहाय्य पूर्णतः कर्जरूप झाले. त्याच वर्षी, ठरावीक अटींत बसणाऱ्या बेरोजगार परदेशी कामगारास देश सोडण्यासाठी १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क देऊ करणारा कायदा झाला. शिकायला उधारी, जायला रोख!

५/ १९८४ मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यातील एका तुर्की कामगाराचा मुलगा शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला आणि तेथेच वैद्यकशास्त्र शिकू लागला. लहानपणी शिक्षकांनी त्याला कनिष्ठ दर्जाची शाळा सुचवली होती. एका जर्मन शेजाऱ्याने मध्यस्थी केली म्हणून वाट बदलली. तो उगूर शाहीन, २०२० च्या कोविड लशीमागील बायोएनटेकचा सहसंस्थापक. अब्जाधीश झाल्यावरही ते सायकलनेच कामावर जात.

६/ बापांनी पै-पै जोडली ती परतण्यासाठी. मुलांनी तीच सवय उचलली, पण राहण्यासाठी.