हप्त्याहप्त्याने तडीस गेलेली कादंबरी

कादंबरीस आरंभ करणारे लेखक आपल्याकडे कधीच थोडे नव्हते. दुर्मीळ होते ते तिचा पहिला खर्डा शेवटच्या पृष्ठापर्यंत नेणारे. पहिली तीन-चार प्रकरणे हौसेने हातावेगळी होतात, पुढे कथानक कोठेतरी अडते, अडले म्हणून लेखक मागे वळतो आणि पहिलेच प्रकरण पुन्हा घासूनपुसून घेऊ लागतो, व त्या घासाघाशीत मूळ संकल्प क्षीण होऊन हस्तलिखित दप्तरात बांधले जाते, हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे की त्याला कोणा एकाच्या आळसाचे नाव देणे अन्यायाचे होईल. मराठी कादंबरीच्या पहिल्या साठ वर्षांकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे ती सिद्धीस गेली ती जितकी प्रतिभेच्या बळावर, तितकीच नियतकालिकांच्या तगाद्यावर गेली, असे मला वाटते.

तगाद्याची ही व्यवस्था आरंभापासून नव्हती. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेपैकी काही रक्कम इंग्रज सरकारने पुढे मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळविली, आणि दक्षिणा प्राइज कमिटीच्या मंजुरीकडे डोळे लावून पुष्कळांनी लेखण्या सरसावल्या. परंतु बक्षीस हे ग्रंथ पुरा झाल्यानंतरचे. मधल्या ओसाड मुलखात लेखकाची विचारपूस करणारे कोणी नाही. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ पुरे केले ते विधवांच्या दुःस्थितीची कळकळ आणि धर्मप्रसाराचा उत्साह यांच्या जोरावर. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ १८६१ ची. असा जोर ज्याच्यापाशी उपजत नव्हता, त्याची वाट बिकट होती.

ही वाट बदलली मासिकांनी. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’त त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही शिवकालीन कादंबरी १८७१ च्या सुमारास क्रमशः आली. विलायतेत डिकन्सने ‘पिक्विक’ मासिक भागांनी काढून चौतीस-पस्तीस वर्षे लोटली होती, तेव्हा कल्पना नवी नव्हती. आपल्याकडील विशेष हा की येथे लेखक आणि संपादक बहुधा एकच असे. मजकुराची मागणी करणारा तोच, पुरवठा करणारा तोच, आणि वायदा चुकला तर वर्गणीदारांच्या नाराजीचा धनीही तोच.

या व्यवस्थेचे पूर्ण रूप पाहावयाचे तर हरि नारायण आपटे यांच्याकडेच गेले पाहिजे. १८६४ साली खानदेशातील पारोळे येथे जन्मलेल्या हरिभाऊंची पहिली कादंबरी, ‘मधली स्थिती’, वयाच्या एकविसाव्या वर्षी ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली. तिचा सांगाडा रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीवरून घेतलेला, आत भरलेले पुणे मात्र स्वतः पाहिलेले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले, आणि त्याच वर्षी त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ सुरू झाली, ती १८९३ पर्यंत चालली. तिच्या सोबतीला मेडोज टेलरच्या ‘टिपू सुलतान’वर आधारलेला ‘म्हैसूरचा वाघ’ होताच. ‘मी’ आणि ‘उषःकाल’ पाठोपाठ आल्या. हे सर्व लिहिणारा गृहस्थ काही निवांत बसलेला नव्हता: चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्याच्याकडे होती, नगरपालिकेचे कामकाज होते, आणि शतक संपता संपता पुण्यावर प्लेगही कोसळला होता. लेखनास सवड मिळत नाही ही तक्रार अशा माणसाच्या चरित्रासमोर उच्चारावयास संकोच वाटतो.

साप्ताहिकाचा व्यवहार खिळे जुळविण्याच्या काळात कसा चाले हे ज्याने छापखान्यात उभे राहून पाहिले आहे, त्याला या सवडीचे कोडे थोडे उलगडेल. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बांधीत असे, मुद्रिते तपासावयाची असत, फर्मा यंत्रावर चढवावयाचा असे, आणि टपालाची वेळ कोणाच्या प्रतिभेसाठी थांबत नसे. कथेचे राखून ठेवलेले रकाने भरले नाहीत तर ते कोरे निघणार, आणि कोरा रकाना हा संपादकाच्या इभ्रतीचा प्रश्न. अशा स्थितीत आज चांगले सुचत नाही या सबबीला किंमत उरत नसे. जसे सुचेल तसे लिहिणे भाग पडे, आणि पुढील आठवड्यात त्याहून बरे सुचण्याची आशा बाळगता येई.

परंतु माझ्या मते या तगाद्याहूनही अधिक उपकारक अशी एक गोष्ट या पद्धतीत होती. छापलेला हप्ता परत घेता येत नव्हता. पहिले प्रकरण एकदा वर्गणीदाराच्या घरी पोहोचले, तेथे ओसरीवर कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखविले, माजघरातून बायकांनी ते ऐकले, की त्याच्यावरील लेखकाची सत्ता संपली. पात्राचे नाव चुकले असेल, सासरचे गाव गैरसोयीचे निवडले गेले असेल, तर ती चूक पोटात घालून पुढेच जावयाचे. ज्या मागे वळण्याने शेकडो हस्तलिखिते मृत झाली, तो मार्गच येथे बंद होता. पहिला खर्डा हाच प्रसिद्ध ग्रंथ होता, निदान तो पुस्तकरूपाने निघेपर्यंत तरी.

या सक्तीचे मोलही द्यावे लागले. पाल्हाळ, वाचकाला उद्देशून केलेली लांबलचक संबोधने, हरवलेले आणि उशिरा सापडलेले धागे, हे दोष टीकाकारांनी हरिभाऊंच्या पदरात घातले आहेत आणि ते खोटे नाहीत. तथापि ‘पण लक्षात कोण घेतो?’ची नायिका यमू हिच्या आत्मकथेत जी घरगुती सूक्ष्मता आहे, तीही याच संथ गतीची देणगी नव्हे काय? मुंबईस नवऱ्याबरोबर थाटलेल्या बिऱ्हाडातील तिचे लहानसहान सुख वाचकांनी आठवड्याआठवड्याने, जवळजवळ तिच्याच वेगाने अनुभवले. म्हणून वैधव्य आणि केशवपन यांचे हप्ते आले, तेव्हा ते शेजारच्या घरातील वर्तमान असल्यासारखे वाटले असले पाहिजे. एका बैठकीत वाचलेल्या पुस्तकाला हा परिणाम साधणे कठीण.

आता दुसरी बाजू. तगादाच कादंबरी पुरी करतो असे म्हणावे, तर हरिभाऊंच्याच कित्येक कादंबऱ्या अपुऱ्या का राहिल्या? ‘गणपतराव’ आरंभीच्या काळातील, ‘कालकूट’ आणि ‘कर्मयोग’ नंतरच्या, तिन्ही अपूर्ण. विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’ १९१३ ते १९१५ या काळात पुरी झाली, आणि जवळजवळ त्याच काळातील ‘कर्मयोग’ मात्र अर्ध्यावर राहिली. इतिहासाने शेवट आधीच लिहून ठेवलेला असतो, तालिकोटचा रणसंग्राम कोणत्याही लेखकाला टाळता येत नाही, म्हणून ऐतिहासिक कादंबरी तडीस जाते आणि चालू काळावरील अडते, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. पण ‘कालकूट’ ऐतिहासिकच असल्यामुळे ते टिकत नाही. मला संभवनीय वाटते ते इतकेच की तगाद्यात बळ येते ते वाट पाहणाऱ्यामुळे, आणि अनेक कथा एकाच पत्रात एकाच लेखणीने चालविल्या, म्हणजे जिची वाट कमी उत्कंठेने पाहिली जाते तिचा हप्ता प्रथम थकतो. पुढे ‘करमणूक’ थांबली, १९१९ च्या मार्च महिन्यात हरिभाऊ वारले, आणि थकबाकी तशीच राहिली.

तोवर काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजना’ने मासिकाचा थाट बदलून टाकला होता, आणि कादंबरीला थेट पुस्तकरूपाने निघण्याची सवय लागू लागली होती. अशा बदललेल्या काळात साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली व तिचा बहुतेक भाग १३ फेब्रुवारीपर्यंत लिहून काढला. तेथे ना वर्गणीदार, ना जुळारी, ना टपाल. दिवसा सरकारी काम, आणि उरलेला वेळ लेखनाचा. तरी त्या पुस्तकाची रचना पाहावी: प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही, रात्री म्हटले आहे, आणि त्या बेचाळीस आहेत. आश्रमातली सायंप्रार्थना आटोपल्यावर श्याम एक आठवण सांगतो, मित्र ऐकतात, आणि उरलेली कथा दुसऱ्या रात्रीवर ठेवून उठतात. बाहेरच्या जगात ज्यांना आणणे त्या घटकेस शक्य नव्हते, ते वाट पाहणारे श्रोते गुरुजींनी ग्रंथाच्या आतच बसविले होते.