काळ्या मोटारीची चकाकी

हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ मोटार फक्त काळ्या रंगात मिळे, कारण काळा रंग सर्वांत लवकर वाळतो, ही गोष्ट आपण वाचतो आणि वर्गातही सांगतो. तिचा पहिला भाग अर्धाच खरा आहे. १९०८ मध्ये ही मोटार आली तेव्हा ती लाल, करड्या, हिरव्या रंगांत मिळे; फक्त काळी झाली ती १९१४ ते १९२५ या काळात. दुसऱ्या भागाला तर आधारच मिळत नाही. ट्रेंट बॉगेस या अभ्यासकाने कंपनीचे जुने कागद तपासले. काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता, एवढेच कारण त्यांना पटण्याजोगे वाटले.

हा टिकाऊपणा अस्फाल्टचा. डांबराच्या कुळातला हा पदार्थ जवसाच्या तेलात मिसळून पत्र्यावर चढवत आणि भट्टीत भाजत. अस्फाल्ट मुळातच काळा, त्यामुळे त्यातून दुसरा रंग निघणे शक्य नव्हते. इतर चांगल्या मोटारी मात्र तेव्हाही घोडागाडीसारख्याच रंगवल्या जात. व्हार्निशचे हात एकावर एक द्यायचे, मध्ये प्युमिस दगडाच्या पुडीने घासायचे; यात आठवडे जात.

१९२३ मध्ये ड्यू पाँट आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्युको’ हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आणले. धूर न करणारी बंदुकीची दारू आणि जुनी सिनेमाची फिल्म हे याचेच भाऊबंद! त्यातील द्रावक उडून गेला की थर वाळे, त्यामुळे आठवड्यांचे काम काही दिवसांत होऊ लागले. आपल्याकडे गॅरेजमध्ये फवाऱ्याने रंग देण्याला ‘ड्युको मारणे’ म्हणतात, ते यावरूनच. पण हा रंग फवारल्यावर मंद दिसे. घासल्याशिवाय चमकत नसे. पुढे उन्हाने वरचा थर खडूसारखा भुकटे आणि मालकाला घरी पुन्हा घासावे लागे. फडके गाडीच्या रंगाचे होई, कारण तो भुकटलेला रंगच निघत असे.

काळ्या गाडीवर ही मेहनत अधिक का दिसते? रंगाच्या आत शिरलेला प्रकाश काळा रंग गिळून टाकतो. आपल्याला दिसतो तो पृष्ठभागावरून परतलेला, समोरून पाहिल्यास सुमारे ४ टक्के प्रकाश. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर त्यात आरशासारखे प्रतिबिंब उमटते. ओरखडा असेल तर तो प्रकाश विखुरतो आणि काळ्यावर पांढरा दिसतो. पांढऱ्या गाडीवर तोच ओरखडा सभोवतालच्या उजेडात हरवतो.

या ओरखड्यांची गंमत वर्गात करून पाहता येईल. काथ्याने घासलेले स्टीलचे ताट बल्बखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे दिसतील. ताट सरकवा, वर्तुळे दिव्याबरोबर राहतील! ओरखडे सर्व दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असतील तेवढेच डोळ्यांपर्यंत उजेड पोचवतात. काळ्या बॉनेटवर उन्हात दिसणारी ‘जाळी’ ती हीच.

ही जाळी घालवायचे दोन मार्ग आहेत आणि ते एक नव्हेत. पॉलिशमधले बारीक कण ओरखड्याचे काठ झिजवतात. मेण काहीच झिजवत नाही. ते खाचा भरते आणि पाणी निथळवते. ब्राझीलच्या ईशान्य भागातील कार्नोबा ताडाच्या पानांवरचे मेण यासाठी नावाजले आहे. ते ८० अंश सेल्सियसच्या वर वितळते, त्यामुळे तापलेल्या काळ्या पत्र्यावरही टिकते. अर्थात धुण्यापावसात काही आठवड्यांत ते जातेच. ते पुन्हा लावता येते.

झिजलेला थर मात्र पुन्हा लावता येत नाही. १९८० च्या दशकापासून मोटारींवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर देणे सर्रास झाले. तो केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो आणि खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून वाचवतो. त्यावर घासताना फडके पांढरेच राहते, म्हणून किती झिजले ते कळत नाही. आजोबांच्या काळासारखे दर महिन्याला रबिंग कंपाउंड घेऊन बसणे या गाड्यांना मानवणारे नाही. आधी भरपूर पाण्याने धूळ काढावी, कारण कोरड्या फडक्याखालची धूळ हाच काचपेपर. मग सावलीत, गार पत्र्यावर, मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. पॉलिश जाळी फारच खुपू लागली तरच.