भूक कोणाची?

वर्गातल्या एका लठ्ठ मुलाला मी नेहमी म्हणायचो, "जरा कमी खा रे!" पोरं हसायची. तोही हसायचा.

१९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक भलताच लठ्ठ उंदीर सापडला. त्याचं कारण जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४ मध्ये शोधलं. अंगात चरबी पुरेशी आहे, हा निरोप मेंदूला देणाऱ्या लेप्टिनचं जनुकच बिघडलेलं होतं. १९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांना दोन मुलांतही लेप्टिनची तीच उणीव आढळली. त्यांतल्या ९ वर्षांच्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर वर्षात १६ किलो वजन उतरलं. उपदेशानं नव्हे.

असा दोष फार विरळा, हे खरं. आपलं ताट आपल्याच हाती असतं, हेही खरं. पण मंडळी, दुसऱ्याची भूक मला कुठे कळत होती? तो मुलगा भेटला तर माफी मागेन.